जिम्नीचे पेट्रोल नेमके कुठे जाते

मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी ही कच्च्या रस्त्यांसाठीची छोटी गाडी जून २०२३ मध्ये भारतात विक्रीला आली, आणि तेव्हापासून तिच्या मालकाला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ कंपनीने जाहीर केलेला आकडा मॅन्युअल गाडीसाठी लिटरला १६.९४ किलोमीटर आणि ऑटोमॅटिकसाठी १६.३९ किलोमीटर असा आहे. पुण्यातली रोजची वाहतूक, साताऱ्याकडचा महामार्ग, ताम्हिणीचा घाट आणि मावळ-मुळशीतले पावसाळी चिखलाचे रस्ते अशा सगळ्या वाटांवर मॅन्युअल जिम्नी चालवल्यावर माझे मत असे झाले आहे की, ही गाडी त्या आकड्याच्या जवळ जाऊ शकते, पण त्यासाठी वेगाला आवर घालावा लागतो. पेट्रोल जास्त जाते याचा दोष बहुतेक लोक फोर व्हील ड्राइव्हला, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेला देतात. माझ्या नोंदींतून मात्र वेगळेच दिसते.

प्रथम मोजण्याची पद्धत सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय कोणत्याही आकड्याला अर्थ राहत नाही. डॅशबोर्डवरच्या पडद्यावर दिसणारे अ‍ॅव्हरेज मी ग्राह्य धरत नाही. माझ्या गाडीत ते प्रत्यक्षापेक्षा नेहमीच थोडे जास्त दिसते. शक्यतो एकाच पंपावर टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की तिथेच थांबायचे, पुढच्या वेळी पुन्हा तिथपर्यंतच भरायचे आणि मधल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागायचे, ही जुनी पद्धतच सर्वांत विश्वासार्ह आहे. एकाच टाकीचा हिशेबही फसवा ठरू शकतो, म्हणून लागोपाठच्या काही टाक्यांची सरासरी काढावी.

जाहीर झालेला आकडा खोटा नसतो, मात्र तो कसा मिळतो हे ग्राहकाला फारसे कोणी सांगत नाही. पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशा वाहन-चाचणी संस्थांत गाडी रोलरवर चढवून, ठरवून दिलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे साधारण वीस मिनिटे चालवली जाते. त्यातला सर्वोच्च वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि एसी बंद असतो. गाडी जागच्या जागी फिरत असल्यामुळे वाऱ्याचा विरोध रोलरच्या भाराने उभा केला जातो. या चाचणीत खंबाटकीचा चढ नाही, मे महिन्यातली दुपार नाही आणि मागे बसलेले दोघे व त्यांचे सामानही नाही.

आता महामार्गाकडे येतो, कारण जिम्नीच्या बाबतीत खरा फरक तिथेच पडतो. साताऱ्याकडे जाताना ताशी ८० ते ८५ किलोमीटरचा वेग ठेवला, ओव्हरटेक करण्याची घाई केली नाही, तर एसी चालू ठेवूनही लिटरला १५ ते १६ किलोमीटर मिळतात. तीच गाडी त्याच रस्त्यावर ताशी १०० ते ११० च्या वेगाने नेली की आकडा १३ च्या आसपास येतो, आणि त्याहून जोरात गेल्यास आणखी खाली घसरतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ८० वरून १०० वर गेल्यास तो जवळपास दीडपट होतो, आणि उभी काच, सपाट बाजू व चौकोनी टप असलेल्या गाडीत तर तो मुळातच जास्त असतो. दुसरे कारण गिअरमध्ये आहे. मॅन्युअल जिम्नीला पाचच गिअर आहेत आणि पाचवा गिअर इंजिनच्या फेऱ्या कमी करून देत नाही. त्याचे गुणोत्तर एकास एक आहे. त्यामुळे ताशी १०० च्या वेगाला इंजिन मिनिटाला तीन हजारांहून अधिक फेऱ्या घेत असते. सहावा गिअर असता तर महामार्गावरचा आवाज आणि खर्च दोन्ही कमी झाले असते, आणि तो न देणे ही या गाडीतली मला सर्वांत खटकणारी उणीव आहे. १४६२ सीसीचे के१५बी इंजिन विश्वासार्ह व गुळगुळीत आहे, पण १३४ न्यूटन मीटरचा कमाल टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, त्याला ४००० फेऱ्यांवर मिळतो, त्यामुळे चढावर किंवा ओव्हरटेक करताना गिअर उतरवून ते पळवावेच लागते.

शहरातले चित्र थोडक्यात सांगता येईल. कर्वे रस्ता, सिंहगड रस्ता आणि संध्याकाळची हिंजवडी अशा प्रवासात लिटरला ११ ते १२ किलोमीटर पडतात. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्याच जास्त असतील, तर इंजिन पुरते गरम होण्याआधीच गाडी बंद होते आणि आकडा १० वर येतो. सुमारे बाराशे किलो वजनाच्या गाडीला प्रत्येक सिग्नलपासून पुन्हा वेग देण्यात पेट्रोल जाते. त्यावर चालकाच्या संयमाखेरीज उपाय नाही.

घाटात मात्र लोक समजतात तितका तोटा होत नाही. ताम्हिणी चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पेट्रोल भराभर जाते हे खरे, पण उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडणेच बंद करतात आणि चाकेच इंजिनला फिरवतात. उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्यांचे पेट्रोल वाचत नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यासाठी पेट्रोल लागतेच, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो आणि घाटात ते धोक्याचे आहे. जाऊन-येऊन हिशेब केल्यावर घाटाच्या प्रवासात मला १३ च्या पुढे-मागे अ‍ॅव्हरेज मिळते.

आता फोर व्हील ड्राइव्हविषयी. जिम्नीत ही यंत्रणा कायम चालू नसते. गिअरच्या दांड्याजवळ दुसरा छोटा दांडा आहे. तो टू-एचवर असतो तेव्हा ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. म्हणजे रोजच्या प्रवासात या यंत्रणेची किंमत आपण मोजतो ती तिच्या वजनाची, चार चाकांना ताकद देण्याची नव्हे. निसरड्या रस्त्यावर फोर-एच, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी नेहमीच्या वेगाची जागा, टाकल्यावर खर्च थोडा वाढतो, पण तेथे सुरक्षितता महत्त्वाची असते. कोरड्या डांबरावर मात्र फोर-एच कधीही वापरू नये. पुढच्या आणि मागच्या चाकांमधला वेगाचा फरक सामावून घेणारे मधले डिफरन्शियल या गाडीत नाही, त्यामुळे वळणावर यंत्रणेत ताण साठतो, टायर घासतात आणि पेट्रोलही वाया जाते.

फोर-एलमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देऊन गाडी अगदी सावकाश पण जोराने चालवणाऱ्या लो-रेंजमध्ये, तर किलोमीटरचा हिशेबच सोडून द्यावा. पहिला गिअर आणि लो-रेंज मिळून इंजिनच्या सुमारे ३६ फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्या घेत असताना गाडी ताशी पाच किलोमीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या चालीने पुढे सरकते. पावसाळ्यात तांबड्या मातीच्या चढावर, चाकाखालचे दगड एकेक करून पार करताना ही चाल किती मोलाची आहे हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. गाडी झटके न देता, चिखलात चाक न फिरवता, एका ठाम लयीत वर चढते. अशा वेळी लिटरला तीन-चार किलोमीटर असा आकडा निघतो व तो ऐकून लोक दचकतात. पण ताशी किती लिटर असा विचार केला तर तो दीडच्या आसपास भरतो, आणि असा बिकट टप्पा बहुधा तास-दीड तासापेक्षा जास्त नसतो. संपूर्ण सहलीच्या खर्चात त्याचा वाटा जाण्या-येण्याच्या महामार्गापेक्षा कमीच असतो.

टायर बदलणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कंपनीकडून १९५/८० आर १५ मापाचे टायर येतात. त्याऐवजी २३५/७५ चे मोठे टायर बसवले, तर चाकाचा घेर जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढतो आणि गाडी प्रत्यक्षात १०० किलोमीटर धावली तरी मीटरवर साडेचौऱ्याण्णवच्या आसपासच दिसतात. ही दुरुस्ती न करता काढलेले अ‍ॅव्हरेज खऱ्यापेक्षा कमी भरते. अर्थात खडबडीत नक्षीच्या जड टायरमुळे खर्च खरोखरही वाढतो, आणि टपावरचे कॅरिअर महामार्गावर आणखी भर घालते. काम नसेल तेव्हा ते उतरवून ठेवावे.

पंपावर आता मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचाही विचार करायला हवा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे अशा मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा मुळातच कमी. जुन्या गाडीच्या आठवणीतल्या आकड्यांशी आजच्या जिम्नीची तुलना करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मग ही गाडी कोणी घ्यावी? ज्यांचा नव्वद टक्के प्रवास द्रुतगती मार्गावर आणि शंभराच्या पुढे होतो, त्यांनी घेऊ नये. तेवढ्या पैशांत जास्त जागेची आणि कमी पेट्रोल पिणारी गाडी मिळते. ज्यांचे शेत, वाडी किंवा काम डांबर संपते तिथून पुढे आहे, त्यांना लिटरला १२ ते १४ किलोमीटर हा सर्वसाधारण आकडा परवडण्यासारखा आहे, कारण खऱ्या लो-रेंजची इतकी हलकी पेट्रोल गाडी बाजारात दुसरी नाही. महिंद्रा थारचे दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन कितीतरी जास्त ताकदीचे आहे, पण ते पेट्रोलही त्याच मानाने मागते. खरेदी करताना टाकीचा मात्र विचार करावा. ती ४० लिटरचीच आहे, म्हणजे घाट आणि कच्चा रस्ता असलेल्या प्रवासात चारशे किलोमीटरच्या आत पंप गाठायला हवा. कोकणात आडवाटेला उतरणार असाल तर माणगाव किंवा महाडलाच टाकी भरून घ्यावी.