केळ्याची साल: खतासाठी हिरवी घ्यावी की पिकलेली?

मुंबईत सोसायटीच्या खतखड्ड्यासाठी साली हव्या असतील तर दोन जागा सहज सापडतात. वेफर्सवाल्याकडे कच्च्या केळ्यांच्या हिरव्या साली आणि ज्यूस सेंटरवर पिकलेल्या. दोन्ही केळ्याच्याच, पण गुण वेगळे.

हिरव्या सालीत स्टार्च आणि टॅनिन हे तुरट द्रव्य जास्त. केळं पिकताना स्टार्चची साखर होते, पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन सुटतं, तुरटपणा उतरतो. गरात साखर वाढली की तो सालीतलं पाणी ओढून घेतो, म्हणून पिकलेली साल पातळ होते. पोटॅशियम मात्र खनिज आहे, ते पिकल्याने निर्माण होत नाही. तेव्हा काळ्या सालीत पोटॅश जास्त, असं कुणी सांगितलं तर तेवढ्यावरून निवड करू नका.

रंगावरही जाऊ नका. कॅव्हेंडिश जातीचं केळं साधारण २४ अंशांच्या वर पिकलं तर आतून मऊ होतं, पण साल हिरवटच राहते. मुंबईच्या उन्हाळ्यात हे सर्रास होतं. शंका आली तर सालीच्या आतल्या बाजूला बेटाडिनचा थेंब टाकून बघा. डाग निळा-काळा पडला तर स्टार्च शिल्लक आहे.

खड्ड्यासाठी मी हिरवीच घेईन, विशेषतः पावसाळ्यात. पिकलेली साल साखरेमुळे लगेच आंबते, चिलटं येतात, ढीग चिकट होऊन हवा कोंडते आणि मग शेजारी तक्रार करतात. हिरवी साल जरा सावकाश कुजते, पण आकार धरून ठेवते. बारीक चिरा, सुका पालापाचोळा भरपूर घाला. चिरताना चिकाने हात आणि सुरी काळी पडते, आधी तेलाचा हात लावा.

बायोगॅसचा हिशेब उलटा. तिथे पिकलेली साल चांगली, कारण साखर जिवाणूंना आयती मिळते. मात्र एकदम जास्त ओतली तर आम्ल साचतं आणि मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव थंडावतात. रोज थोडी थोडी घाला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'निसर्गऋण' संयंत्रातही ओला कचरा आधी दळूनच जातो. हिरवी साल गॅससाठी वापरायचीच असेल तर दळण अगदी बारीक हवं.

ज्यूस सेंटरच्या बादलीत स्ट्रॉ आणि प्लास्टिकची झाकणंही निघतात. ते वेचायला माणूस नसेल तर वेफर्सवाल्याशीच बोला.