झेड ड्राइव्ह ठेवावा की थेट पत्ता?

घरातील नॅसवरचे, म्हणजे राउटरला जोडलेल्या सामायिक साठवण-यंत्रावरचे, फोल्डर विंडोजमधून उघडण्याचे दोन मार्ग आहेत. एक, त्याला झेडसारखे अक्षर देऊन ड्राइव्ह मॅप करणे. दुसरा, नॅसचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) आणि फोल्डरचे नाव लिहून त्याचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवणे. मी पहिला मार्ग तीन वर्षे वापरला आणि गेल्या वर्षी दुसऱ्याकडे वळलो. त्यामुळे पुढे माझा कल दिसला तर वाचकांनी तो समजून घ्यावा.

दोन्हीकडे एसएमबी प्रोटोकॉल (नेटवर्कवरून फाइल उघडण्याची विंडोजची पद्धत) आणि ४४५ क्रमांकाचे पोर्ट तेच असते. म्हणून वायफाय कार्ड वीज वाचवण्यासाठी झोपी जात असेल, किंवा राउटर नॅसला अधूनमधून नवा आयपी देत असेल, तर नुसते अक्षर काढून काही साधणार नाही. कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधील खूण काढणे आणि राउटरमध्ये नॅससाठी पत्ता राखून ठेवणे ही दोन कामे कोणताही मार्ग निवडला तरी करावी लागतात. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यावर जुना नॅस उघडेनासा झाला असेल, तर त्याचे कारण बहुधा एसएमबी सायनिंगची (प्रत्येक संदेशावर डिजिटल सही करण्याची) सक्ती किंवा पासवर्डविना गेस्ट प्रवेश बंद होणे हे असते आणि त्याचा अक्षराशी संबंध नाही.

माझ्या मते खरा फरक संपर्क तुटल्यानंतर जाणवतो. आमच्या भागात बहुतेक गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. ती परतली की डेस्कटॉप आणि राउटर लगेच सुरू होतात, नॅस मात्र चारेक मिनिटे घेतो. लॉगइन होताच विंडोज झेड जोडू पाहते, पलीकडे कोणी नसते, आणि सर्व नेटवर्क ड्राइव्ह पुन्हा जोडता आले नाहीत अशी सूचना येऊन झेडवर तांबडी फुली बसते. नॅस सुरू झाल्यावरही ती आपणहून जात नाही. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीत ही अडचण अधिकृतपणे मान्य झाली होती आणि लॉगइननंतर ड्राइव्ह पुन्हा जोडणारी स्क्रिप्ट त्यावर सुचवण्यात आली होती.

फुलीचे मला फारसे वावडे नव्हते. क्लिक केले की ती बहुधा जाते. विशेषतः फोल्डर दुसऱ्या विंडोज संगणकावर असेल, तर १५ मिनिटे वापर नसला की तो संगणक मूळ सेटिंगनुसार जोडणी सोडतो आणि फुली नुसती दिसण्यापुरती असते. वैताग निराळाच होता. झेड बंद असताना कोणत्याही प्रोग्रॅममध्ये ‘सेव्ह ॲज’ केले की ती खिडकी गोठायची आणि वरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत राहायची. फाइल डी ड्राइव्हवर ठेवायची असली तरी विंडोज आधी झेडला हाका मारत बसायचे. अशाच एका गुरुवारी संगणक हँग झाला असे समजून पत्नीने प्रोग्रॅम बंद केला आणि सोसायटीच्या हिशेबाचे अर्ध्या तासाचे काम तिला पुन्हा करावे लागले. त्याच संध्याकाळी मी झेड काढला.

शॉर्टकट क्लिक करेपर्यंत कोणालाही हाक मारत नाही. नॅस झोपलेला असेल तर थोडे थांबून एरर येते, दोन मिनिटांनी पुन्हा उघडले की फोल्डर समोर असते. मी घड्याळ लावून मोजलेले नाही, पण गेल्या वर्षभरात ती खिडकी या कारणाने गोठल्याचे मला आठवत नाही.

अक्षराची बाजूही अगदीच लंगडी नाही. ‘झेडमध्ये ठेव’ हे घरातल्या कोणालाही सांगता येते. कमांड प्रॉम्प्टमध्ये असा थेट पत्ता चालू फोल्डर म्हणून धरता येत नाही आणि काही जुनी हिशेबाची सॉफ्टवेअर अक्षराशिवाय चालतच नाहीत. शिवाय नॅसच्या नावाने जपलेला पासवर्ड आयपी पत्त्याला लागू होत नाही, तो क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोज जिथे पासवर्ड जपते तिथे, पुन्हा भरावा लागतो. हे काम मात्र एकदाच करायचे असते.

माझ्या स्कॅनरच्या सॉफ्टवेअरलाही अक्षरच लागते. त्यासाठी एक बॅच फाइल (डबल-क्लिक केले की आतल्या कमांड चालवणारी फाइल) केली आहे. स्कॅनिंगला बसताना तिने झेड जोडतो, साइन-इनच्या वेळी पुन्हा जोडण्याची खूण न ठेवता, आणि उठताना दुसरीने तो काढून टाकतो.