शिपायाच्या संपादकीचे ७१ अंक : लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ संग्रह

हॅरॉल्ड रॉस म्हटले की ‘न्यूयॉर्कर’ आठवतो. १९२५ मध्ये त्याने हे साप्ताहिक काढले आणि ६ डिसेंबर १९५१ रोजी मृत्यू येईपर्यंत तोच त्याचा संपादक राहिला. पण त्याचा हात तयार झाला तो त्याआधी, पॅरिसमध्ये, लष्करी गणवेशात. कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनमध्ये १८९२ साली जन्मलेला, शाळा अर्ध्यावर सोडून गावोगावच्या वर्तमानपत्रांत बातमीदारी केलेला हा गडी १९१७ मध्ये रेल्वे-इंजिनिअरांच्या १८ व्या रेजिमेंटमध्ये भरती झाला, आणि तिथून अमेरिकी सैनिकांच्या ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या साप्ताहिक वर्तमानपत्रात पोचला. त्या काळातला रॉस पाहायचा तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावरचा हा संग्रह उघडावा.

८ फेब्रुवारी १९१८ ते १३ जून १९१९ दर शुक्रवारी निघालेले सगळे ७१ अंक इथे आहेत. अंक साधारण आठ पानांचा. पैसे लागत नाहीत, खातेही उघडावे लागत नाही. एक घोटाळा मात्र टाळा : याच नावाचे पत्र दुसऱ्या महायुद्धात पुन्हा सुरू झाले आणि आजही निघते. ते अंक इथे शोधू नयेत. हा संग्रह फक्त पहिल्या महायुद्धाचा.

बहुतेक जण शोधखिडकीत ‘रॉस’ लिहितात आणि कंटाळून बाहेर पडतात. याची कारणे दोन. एक, पत्रातला बराचसा मजकूर लेखकाच्या नावाविना छापलेला आहे. संपादकाने काय कापले, काय बदलले हे तर कुठेच छापले जात नाही. दुसरे कारण ओसीआरचे, म्हणजे पानाच्या चित्रावरून यंत्राने अक्षरे ओळखण्याच्या तंत्राचे. शंभर वर्षांपूर्वीचा बारीक टाइप आणि चिकटून लावलेले स्तंभ यंत्राला नीट वाचता येत नाहीत. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द दोन तुकड्यांत नोंदला जातो. इंग्रजी ‘क्रॉस’चे पहिले अक्षर पुसट उमटले असेल तर उरतो तो ‘रॉस’च, आणि रेड क्रॉसचा उल्लेख तर या पत्रात पदोपदी. गावांच्या नावांनी शोधूनही फारसे हाती लागत नाही, कारण सेन्सॉरमुळे तुकडी नेमकी कुठे आहे ते छापायची सोय नव्हती. ‘फ्रान्समध्ये कुठेतरी’ एवढ्यावरच भागवलेले असते.

म्हणून शोध बाजूला ठेवा आणि तारखेने अंक उघडा. चार अंकांपासून सुरुवात करावी. पहिला अंक. मग २९ मार्च १९१८ चा, ज्यात फ्रेंच अनाथ मुलांना दत्तक घेण्याची मोहीम सुरू झाली. एका मुलाच्या वर्षभराच्या खर्चाला ५०० फ्रँक. एकट्या शिपायाला परवडत नसेल तर अख्ख्या तुकडीने वर्गणी काढायची. पुढचे अंक ओळीने चाळले की आकडा कसा चढत गेला ते दिसते. शेवटी जवळपास साडेतीन हजार मुले झाली. वाचकाला नुसता वाचक न ठेवता कामाला लावायचे, हे या पत्राला चांगले साधले होते. तिसरा, २६ जुलै १९१८ चा अंक : लढाई ऐन भरात असताना खेळांचे पान बंद केल्याची घोषणा याच अंकात आहे. आणि चौथा १५ नोव्हेंबरचा. युद्ध ११ तारखेला, सोमवारी थांबले, त्यामुळे ती बातमी शुक्रवारपर्यंत शिळी झालेली. साप्ताहिकाने अशा वेळी काय छापायचे, याचे उत्तर या अंकात मिळते.

पत्राचा व्यंगचित्रकार वॉलग्रेन याची चित्रे वगळू नयेत. ओसीआरमध्ये ती येतच नाहीत, पानाचे चित्रच पाहावे लागते. पत्रातला सहकारी अलेक्झांडर वुलकॉट पदाने सार्जंट आणि रॉस साधा प्रायव्हेट, म्हणजे साधा शिपाई, तरी संपादकाच्या खुर्चीत रॉस. हे उलटे गणित डोक्यात ठेवून वाचले की पत्राचा सूर कळतो : अधिकाऱ्यांपेक्षा चिखलातल्या शिपायाची बाजू जास्त.

उतरवून घेताना नुसते चाळण्यासाठी जेपीजी पुरते; मोबाइलवर जेपी२ या दुसऱ्या चित्रप्रकाराच्या फायली जड जातात आणि साध्या अ‍ॅपमध्ये उघडतही नाहीत. छापायचे असेल तर पीडीएफ घ्या, पण ए४ वर अक्षर वाचण्याइतके मोठे येत नाही. पान अर्धे करून दोन ए३ वर काढा. अवतरण घेताना ओसीआरचा मजकूर थेट चिकटवू नका, चित्राशी ताडून पाहा. आकड्यांत तर हमखास चूक असते.

उणीव एकच, पण मोठी : पडद्यामागचा रॉस इथे नाही. त्याची पत्रे, लेखांवर क्रमांक घालून काढलेल्या त्याच्या प्रसिद्ध शंका, हे सारे ‘न्यूयॉर्कर’च्या दफ्तरासोबत न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे, आणि त्यातले बरेचसे तिथे जाऊनच पाहावे लागते. ‘न्यूयॉर्कर’चे जुने अंक वर्गणीदारांना ऑनलाइन मिळतात. महिनाभराची वर्गणी घेतलीत तर ३१ ऑगस्ट १९४६ चा अंक आधी उघडा. नेहमीची सदरे बाजूला सारून रॉसने तो हिरोशिमावरच्या एकाच लेखाला दिला होता.