हायस्कूलमध्ये ॲनिमेशन घ्यावं की व्हीएफएक्स? दोन्हीकडचं रोजचं काम समोरासमोर

दृश्यकथा हा विषय घ्यायचं ठरलं की पुढचा प्रश्न येतोच: ॲनिमेशन की स्पेशल इफेक्ट्स? दोन्ही नावं एका दमात घेतली जातात, त्यामुळे बऱ्याच मुलांना आणि पालकांना वाटतं की कुठलंही घेतलं तरी शेवटी एकच. तसं नाही. शिकताना हात काय करतात, डोळे काय शोधतात, कंटाळा कुठल्या जातीचा येतो, हे सगळं दोन्हीकडे वेगळं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: ज्याला अजून ठरवता येत नाही, त्यानं पहिलं वर्ष ॲनिमेशनला द्यावं. का ते पुढे येईल, आणि हा सल्ला कोणी मानू नये तेही.

मुळातला फरक

ॲनिमेशनमध्ये हालचाल कॅमेऱ्यानं टिपलेली नसते, ती एकेका फ्रेमनं, म्हणजे एकेका स्थिर चित्रानं, घडवलेली असते. चित्र असो, मातीचं बाहुलं असो की कॉम्प्युटरमधलं मॉडेल, ते आपणहून हलत नाही. व्हीएफएक्समध्ये, म्हणजे व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये, बहुतेक वेळा खरं चित्रीकरण आधी होतं आणि त्यात नसलेली गोष्ट अशी मिसळायची असते की सांधा दिसू नये. स्पेशल इफेक्ट्स म्हणजे, काटेकोर अर्थानं, कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष घडवलेल्या करामती: पाइपातून पाडलेला पाऊस, मेकअपची जखम, छोटी प्रतिकृती. शाळेचे अभ्यासक्रम हे दोन्ही सहसा एकत्रच शिकवतात.

मुळं मात्र एकाच जमिनीत आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली आला, त्याच्या आधी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसादिवसानं टिपून ती पडद्यावर काही क्षणांत उगवताना दाखवली होती. पुढे त्यांनीच काडेपेटीतल्या काड्या एकेक फ्रेम सरकवून नाचवल्या, आणि पौराणिक चित्रपटांत चमत्कारांची ट्रिक फोटोग्राफीही केली. वेळ फ्रेममध्ये मोजता येतो आणि प्रत्येक फ्रेम आपल्या ताब्यात असते, ही जाण दोन्ही वाटांवर पहिल्या दिवसापासून लागते.

रोजचं काम: ॲनिमेशन

चित्रपटाचा सर्वमान्य वेग सेकंदाला 24 फ्रेम. हातानं काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुधा एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. तरीही अर्ध्या मिनिटाच्या गोष्टीला 360 चित्रं झाली. हा आकडा प्रवेश घेण्याआधी कागदावर लिहून बघावा, कारण पहिल्या सहामाहीत बरेच जण याच भिंतीवर थबकतात.

शिक्षण सुरू होतं उसळणाऱ्या चेंडूपासून, आणि तो व्यायाम दिसतो त्यापेक्षा खूप खोल आहे. चेंडू वरच्या टोकाशी पोचताना चित्रं दाट पडतात, खाली येताना विरळ होतात. त्याच वर्तुळाचा रबरी चेंडू करायचा की लोखंडी गोळा, हे रेषा ठरवत नाही, चित्रांमधलं अंतर ठरवतं. ज्या दिवशी विद्यार्थ्याला हे हातातून कळतं, त्या दिवशी तो खरा शिकायला लागतो. पुढे चाल: पाय टेकला, शरीर खाली गेलं, दुसरा पाय शेजारून गेला, शरीर वर आलं. साध्या चालीत एक पाऊल सुमारे 12 फ्रेमचं. मग त्याच चालीत थकवा आणायचा, लगबग आणायची, वाईट बातमी घेऊन निघालेला माणूस आणायचा. इथे ॲनिमेशन अभिनयात शिरतं. डिस्नेचे ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 1981 मध्ये मांडलेली 12 तत्त्वं आजही जगभरच्या वर्गांत शिकवली जातात, आणि त्यातली बहुतेक तत्त्वं सॉफ्टवेअरबद्दल नाहीत. वजन, वेग, अपेक्षा आणि अभिनय यांच्याबद्दल आहेत.

थ्रीडीबद्दल एक सावधगिरी. पात्र घडवणं, त्याला सांगाडा बसवणं, कातडी त्या सांगाड्याबरोबर नीट वळवणं, यातच शाळेचं अख्खं वर्ष सरतं आणि गोष्ट तशीच राहते. हालचाल शिकायची असेल तर मोफत मिळणारं तयार रिग, म्हणजे सांगाडा बसवलेलं पात्र, घ्यावं. पात्र घडवायलाच आवडत असेल, तर मॉडेलिंग हा वेगळा छंद आहे हे ओळखून तो करावा.

रोजचं काम: व्हीएफएक्स

इथलं निम्मं काम शूटिंगच्या वेळीच ठरतं. कलाकाराच्या मागे हिरवा पडदा लावायचा आणि नंतर तो रंग काढून तिथे दुसरं चित्र बसवायचं, याला कीइंग म्हणतात. हिरव्या पडद्याला चिकटून उभ्या असलेल्या मुलाच्या कानांवर, खांद्यांवर हिरवी झाक पडते आणि ती नंतर काढताना केसांची कड खाल्ली जाते. त्याला दोन मीटर पुढे उभं करावं, पडद्यावर वेगळा आणि सारखा प्रकाश द्यावा, म्हणजे अर्धं दुखणं जन्मालाच येत नाही. हिरवा रंग वापरण्यामागे कारण आहे: तो माणसाच्या कातडीपासून लांबचा आहे, आणि बहुतेक डिजिटल सेन्सरवर हिरव्याचे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात. तरी मोबाइलचा व्हिडिओ रंगाची माहिती बरीच दाबून ठेवतो, म्हणून कडा दातेरी निघतात. हे माहीत नसलेला विद्यार्थी सॉफ्टवेअरच्या बटणांशी झुंजत बसतो.

मग येतं रोटो, म्हणजे हलणाऱ्या आकाराची कड फ्रेम-फ्रेमनं आखणं. चार सेकंदांचा शॉट म्हणजे 96 फ्रेम. बिंदू मधून मधून बसवले तरी प्रत्येक फ्रेम डोळ्यांखालून जातेच. मग ट्रॅकिंग: खरा कॅमेरा जसा हलला तसाच कॉम्प्युटरमधला हलवायचा. शेवटी कंपोझिटिंग, म्हणजे हे सगळे तुकडे एका चित्रात मिसळणं, आणि मला वाटतं या सगळ्याचा जीव तिथेच आहे. बसवलेल्या वस्तूचा काळा रंग मूळ चित्रातल्या काळ्याइतकाच गडद आहे का? प्रकाश त्याच बाजूनं येतो का? सेकंदाला 24 फ्रेम टिपताना शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडण्याचा वेळ, 1/48 सेकंद ठेवलं असेल तर खऱ्या वस्तू हलताना जितक्या पुसट होतात, तितकी ही पुसट होते का? शाळकरी शॉट सर्वांत जास्त फसतात ते वस्तू जमिनीला टेकते तिथल्या सावलीवर. तेवढी सावली नसली की सुंदर मॉडेलही तरंगत राहतं.

म्हणजे ॲनिमेशनचा विद्यार्थी सतत विचारतो, ‘हे जिवंत वाटतं का?’ आणि व्हीएफएक्सचा विचारतो, ‘हे इथलंच वाटतं का?’ यातला कुठला प्रश्न रात्री जागवतो, हे ज्याचं त्यानं पाहावं. माझ्या लेखी निवडीचा सर्वांत भरवशाचा निकष हाच.

आणखी एक गोष्ट, ठामपणे: आग, फटाके, रासायनिक धूर शाळेच्या प्रोजेक्टमध्ये प्रत्यक्ष करू नयेत. ज्वाळा नंतर मिसळता येतात. व्हीएफएक्स शिकण्याचं ते एक चांगलं कारण आहे.

गोष्ट कुठे पूर्ण होते?

विषय दृश्यकथेचा आहे, म्हणून हा प्रश्न साधनांपेक्षा मोठा. ॲनिमेशनमध्ये एकटा विद्यार्थी, काड्यांची माणसं काढूनही, पूर्ण गोष्ट सांगू शकतो. पाऊस आला म्हणून काम थांबत नाही, मित्र आला नाही म्हणून अडत नाही. व्हीएफएक्सच्या प्रोजेक्टला कलाकार लागतात, जागा लागते, सगळ्यांना जमेल असा दिवस लागतो. त्या बदल्यात चांगल्या कलाकाराचा चेहरा एका नजरेत जे सांगतो, ते चितारायला ॲनिमेटरला आठवडे घालावे लागतात.

धोका दोन्हीकडे आहे, पण सारखा नाही. ॲनिमेशनमध्ये लांबलचक गोष्ट घेतली की ती अर्धवट राहते. व्हीएफएक्समध्ये शॉट पूर्ण होतो, पण गोष्टच उरत नाही: स्फोट झाला, इमारत पडली, कोणासाठी ते कळलं नाही. शाळेच्या वयात दुसरा धोका मला जास्त वाईट वाटतो, कारण कौतुक लगेच मिळतं आणि सवय लागते. म्हणून कुठलीही वाट घेतली तरी आधी स्टोरीबोर्ड, म्हणजे गोष्टीतले शॉट क्रमानं काढलेली चित्रं, मग ती चित्रं आवाजासकट वेळेवर बसवलेलं ॲनिमॅटिक. ॲनिमॅटिक बघून मित्राला गोष्ट कळली नाही, तर पुढचे महिने वाया जाणार.

साधनं

इथे ॲनिमेशन सरळ पुढे आहे. कागद, पेन्सिल, लाइटबॉक्स आणि स्टँडवर घट्ट बसवलेला मोबाइल एवढ्यावर वर्षभर शिकता येतं. डिजिटल हवं असेल तर क्रिता, पेन्सिलटूडी, ओपनटून्झ आणि ब्लेंडरचं ग्रीज पेन्सिल ही मोफत आहेत. एक साधी पेन टॅब्लेट घेतली की झालं.

व्हीएफएक्सलाही मोफत साधनांचा तुटवडा नाही: डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत फ्यूजन हे कंपोझिटिंगचं साधन मिळतं, न्यूकची बिगर-व्यावसायिक आवृत्ती आणि हूडिनीची शिकाऊ आवृत्ती आहे, आणि ब्लेंडरमध्ये ट्रॅकिंग व कंपोझिटिंग दोन्ही आहेत. पण यंत्र दणकट लागतं. 16 जीबीपेक्षा कमी मेमरीवर काम रखडत जातं, वेगळं ग्राफिक्स कार्ड जवळपास गरजेचं होतं, आणि फुटेज साठवायला जागा लागते. रेंडरचं, म्हणजे कॉम्प्युटरनं अंतिम चित्र तयार करण्याचं, गणित सोपं आहे: एका फ्रेमला दोन मिनिटं लागली, तर 24 च्या वेगानं अर्ध्या मिनिटाला, म्हणजे 720 फ्रेमना, पूर्ण 24 तास. थ्रीडी ॲनिमेशनलाही हे तितकंच लागू.

महागडं सॉफ्टवेअर नाही म्हणून कोणी मागे हटू नये. 2025 मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेटेड चित्रपटाचं ऑस्कर लॅटव्हियाच्या ज्या ‘फ्लो’ला मिळालं, तो ब्लेंडरवर बनला आहे.

बाकीचे विषय आणि पुढचं शिक्षण

व्हीएफएक्सकडे जाणाऱ्यानं गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नये. व्हेक्टर, मॅट्रिक्स, प्रकाशाचं परावर्तन हे तिथे रोजचं आहे, आणि पायथॉन येत असेल तर ब्लेंडर, माया, न्यूक, हूडिनी या सगळ्यांत ते कामी येतं. ॲनिमेशनकडे जाणाऱ्यानं रोज माणसं, प्राणी, हात-पाय बघून झटपट रेखाटनं करावीत आणि जमल्यास शाळेच्या नाटकात उभं राहावं.

कलाशाखेच्या महाविद्यालयांना पोर्टफोलिओत निरीक्षणाची रेखाटनं बघायला आवडतात. चकचकीत रेंडरनं त्यांची जागा भरत नाही. व्हीएफएक्सच्या शोरीलमध्ये, म्हणजे निवडक कामाच्या छोट्या व्हिडिओत, अंतिम शॉटइतकाच त्याचा ‘आधी-नंतर’ उलगडा महत्त्वाचा. एक मिनिटाचं चांगलं काम पुरतं. कृत्रिम बुद्धिमत्तेची भीती दोन्हीकडे आहे: रोटो, चित्रातली वायर पुसणं, मधली चित्रं भरणं ही कामं यंत्रं वाढत्या प्रमाणात करू लागली आहेत. त्यामुळे फक्त बटणं शिकवणारा अभ्यासक्रम टाळावा.

पहिल्या वर्षी ॲनिमेशन, असं मी म्हणते त्याचं कारणही यातच आहे. टायमिंग, वजन आणि निरीक्षण घेऊन व्हीएफएक्सकडे गेलेला विद्यार्थी कोसळणारी भिंत जड करून दाखवू शकतो. कीइंग आणि रोटो घेऊन ॲनिमेशनकडे आलेल्याला हालचाल पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते. पण ज्याच्या हातात आधीपासून कॅमेरा आहे, जो मित्रांना गोळा करून शूटिंग करतो, ज्याला ‘हे कसं केलं असेल’ हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही, त्याला वर्षभर चेंडू उसळवायला बसवू नये. त्यानं सरळ व्हीएफएक्स घ्यावं.

तरीही मन हलत असेल तर दोन सुट्ट्या द्या. एका सुट्टीत पिठाची पिशवी दार उघडायला घाबरते, एवढंच दहा सेकंदांत काढा. चेहरा नाही, हात नाहीत. दुसऱ्या सुट्टीत मोबाइल स्टँडवर पक्का करा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, आधी रिकामं टेबल टिपा, मग त्यावर कप ठेवून मित्राला त्याकडे हात न्यायला सांगा, आणि दोन शॉट एकावर एक ठेवून हात पोचायच्या क्षणी कप नाहीसा करा, सावलीसकट. जे काम संपल्यावर पुन्हा उघडून सुधारावंसं वाटेल, त्या विषयाच्या वर्गात जाऊन आधीच्या मुलांच्या पूर्ण झालेल्या फिल्म दाखवायला सांगा. तिथे फक्त सुटे शॉट दाखवले गेले, तर स्टोरीबोर्डला किती आठवडे देतात ते विचारून मगच अर्ज भरा.