विममधला रंगीत कोड वेबपानावर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मी मराठीत टिपणे लिहितो आणि त्यांतला कोड गेले काही महिने विम या मजकूर-संपादकाच्या (एडिटरच्या) ‘टूएचटीएमएल’ या कमांडनेच वेबपानासाठी तयार करतो. ही कमांड विमबरोबरच येते, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. ती दिली की उघडलेल्या फाइलचे एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा मूळ मजकूर, नव्या खिडकीत तयार होते. एडिटरमध्ये ज्या शब्दाला जो रंग आहे तोच स्पॅन टॅग (शब्दाभोवतीची खूण) आणि सीएसएस (पानाच्या रंगरूपाचे नियम) यांच्या रूपाने पानात उतरतो, आणि रंग दाखवण्यासाठी वाचकाच्या ब्राउझरला जावास्क्रिप्ट चालवावी लागत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटलेला गुण मात्र वेगळाच आहे. कमांडच्या आधी ओळींचे क्रमांक दिले तर तेवढाच भाग निर्यात होतो, पण रंग ठरवताना विमला आसपासची फाइल माहीत असते. पायथनमधल्या तिहेरी अवतरणचिन्हांच्या लांब मजकुरातून मधल्या चारच ओळी घेतल्या, तरी त्या मजकुराच्याच रंगात येतात. त्याच चार ओळी ब्राउझरमध्ये रंग देणाऱ्या एखाद्या लायब्ररीला दिल्या, तर सुरुवातीचे अवतरणचिन्ह न दिसल्यामुळे ती त्यांना कोड समजते आणि ‘फॉर’, ‘इन’ असे साधे इंग्रजी शब्दही कीवर्ड म्हणून रंगवते. शिकवण्यासाठी तुकड्यातुकड्यांनी कोड दाखवणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो.

कोडमधल्या मराठी टिप्पण्यांबाबतही मी समाधानी आहे. टर्मिनलमध्ये विम चालवताना जोडाक्षरे आणि वेलांट्या अनेकदा विस्कटलेल्या दिसतात, परंतु फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात असेल तर मजकूर पानात जसाच्या तसा जातो आणि ब्राउझर तो नीट जुळवून दाखवतो. देवनागरी अक्षरांची रुंदी एकसारखी नसल्याने मराठी मजकुराच्या पुढे, त्याच ओळीत, रकाने जुळवून काही लिहिले असेल तर ते मात्र सरकते. म्हणून मी टिप्पणी स्वतंत्र ओळीवर लिहितो.

आता खटकणाऱ्या गोष्टी. तयार होते ते संपूर्ण पान असते, आणि त्यातल्या स्टाइलमध्ये ‘बॉडी’ (सगळे पान) व ‘प्री’ (कोडचा भाग) या टॅगांचेही रंग ठरवलेले असतात. ती स्टाइल आपल्या पानात सरसकट चिकटवली तर सगळ्या पानाची पार्श्वभूमी बदलते. शिवाय ‘कॉमेंट’, ‘स्टेटमेंट’, ‘टाइप’ ही क्लासची नावे प्रत्येक निर्यातीत तीच असल्याने वेगवेगळ्या रंगसंगतींतले दोन तुकडे एका पानावर आले की एकाचे रंग दुसऱ्यावर चढतात. मी एकच रंगसंगती ठरवली आहे, तिचे नियम एका सीएसएस फाइलमध्ये कोडच्या चौकटीपुरते मर्यादित करून ठेवले आहेत, आणि निर्यातीतून फक्त ‘प्री’ टॅगचा भाग उचलतो. सीएसएस बंद करण्याची सोय आहे, पण मग जुन्या पद्धतीचे फॉन्ट टॅग मिळतात, जे आज कोणी वापरू नयेत.

टॅबचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. विममध्ये टॅबची रुंदी चार ठेवली असेल, किंवा ओळींचे क्रमांक निर्यात होत असतील, तर मूळ टॅबच्या जागी रिकाम्या जागा भरल्या जातात. सी किंवा जावाच्या कोडला त्याने काही होत नाही. मेकफाइलमध्ये, म्हणजे ‘मेक’ या प्रोग्रॅमला कामे सांगणाऱ्या फाइलमध्ये, मात्र कृतीची प्रत्येक ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. वाचकाने पानावरून मेकफाइल उचलली की मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून थांबते, आणि नवख्या विद्यार्थ्याला आपले काय चुकले ते कळायला मार्ग नसतो. टॅब विस्तारण्याचा पर्याय शून्य केला की टॅब शाबूत राहतात, म्हणून मेकफाइलपुरता तो आवर्जून बदलावा. ओळींचे क्रमांक कॉपी होऊ नयेत यासाठीही स्वतंत्र पर्याय आहे आणि तो विद्यार्थ्यांच्या टिपणांत हवाच.

दोन फाइलींची तुलना दाखवायची असेल तर या कमांडची सर कशाला येईल असे मला वाटत नाही. विमडिफमध्ये, म्हणजे विमच्या तुलना दाखवणाऱ्या रूपात, दोन्ही फाइली उघडून निर्यात केली की एकाच पानात शेजारी-शेजारी दोन रकाने मिळतात, बदललेल्या ओळी रंगलेल्या आणि समोरासमोर जुळलेल्या असतात. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा कोड समजावून सांगायला हे फार उपयोगी पडते.

हजारो ओळींच्या फाइलीला वेळ लागतो. टर्मिनलमध्ये सोळाच रंग असतील तर पानावरही तेवढेच आणि भडक येतात. जीविममधून (विमच्या स्वतंत्र खिडकीतल्या आवृत्तीतून) किंवा टर्मिनलमधले पूर्ण रंग चालू करून निर्यात केल्यास हवी ती छटा मिळते. निओविम हा विमपासून निघालेला एडिटर वापरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की २०२४ मध्ये आलेल्या ०.१० आवृत्तीत ही कमांड लुआ भाषेत नव्याने लिहिली गेली आणि जुने बरेच पर्याय त्यात राहिले नाहीत. त्यामुळे वर सांगितलेली मांडणी तिथे तशीच लागू होईल असे धरून चालू नये. आणि ज्यांच्या पानांतला कोड रोज बदलतो, त्यांनी पान तयार होतानाच रंग देणारे पिग्मेंट्ससारखे साधन निवडावे, कारण इथे प्रत्येक बदलानंतर निर्यात पुन्हा करावी लागते.