छप्पर गळत नव्हतं, तरी आम्ही गळतीचे पैसे दोनदा भरले

आमच्या पोटमाळ्याच्या फळ्यांवर काळे ठिपके उमटायला लागले होते. वर डोकावलं की कुबट वास यायचा. घाबरून मी छपराची कामं करणाऱ्या एका ठेकेदाराला बोलावलं. दहा मिनिटांत तो खाली आला आणि मोबाइलवर फोटो दाखवायला लागला: कुजून भुगा झालेला वासा, त्यावर पांढरी बुरशी. "ताई, छप्पर गळतंय. आत्ता केलं नाही तर सगळं खाली येईल."

मग मला वर नेऊन त्याने ओल मोजायचं मीटर फळीत टोचलं. आकडा ३५ च्या पुढे. लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल टिकून राहिली की ते कुजायचा धोका असतो, असं तो म्हणाला. ते खरंच आहे. पण मीटर टोचण्याआधी "धूळ पुसतो" म्हणत त्याने तीच जागा ओल्या फडक्याने पुसली होती. माझ्या डोळ्यांसमोर. फोटोतला वासाही आमचा नव्हता. आमचे सगळे वासे रंधा मारून चौकोनी केलेले, फोटोतला गोल होता. हे दोन्ही माझ्या लक्षात आलं ते पैसे गेल्यावर.

त्याने छपरावर वॉटरप्रूफिंगचा जाड थर दिला, काळ्या ठिपक्यांवर पांढरा रंग मारला आणि वळचणीच्या जाळ्या फोमने बुजवून टाकल्या. "पाऊस इथूनच आत मारतो," म्हणाला. वर आढ्याजवळ विजेचा पंखा बसवला, त्याचं बिल वेगळं.

थंडी सुरू झाली. एका सकाळी टॉर्च घेऊन वर गेले, तर फळ्यांतून खाली आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकाला पाण्याचा थेंब लटकत होता. कितीतरी दिवसांत पाऊस नव्हता. ठेकेदार म्हणाला, दुसरा थर लागेल. तोही दिला.

खरी गोष्ट कळली ती कपाट दुरुस्त करायला आलेल्या सुतारकाकांमुळे. त्यांनी एवढंच विचारलं, "थेंब पावसात पडतात की थंडीत?" मग ते वर गेले आणि इन्सुलेशनचा थर बाजूला सारून मला एक पाइप दाखवला. आमच्या बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनचा पाइप बाहेर गेलेलाच नव्हता, माळ्यावरच उघडा पडला होता. रोजच्या आंघोळीची सगळी वाफ तिथे साठत होती आणि छपराच्या गार फळ्यांना लागून तिचं पाणी होत होतं. लोखंडी खिळा लाकडापेक्षा लवकर गार पडतो, म्हणून थेंब आधी तिथे धरतात.

पूर्वी त्यातली थोडी वाफ तरी निघून जायची. वळचणीतून कोरडी हवा आत येते, दमट हवा आढ्याकडून बाहेर पडते. ठेकेदाराने आत येण्याची वाटच बंद केली. मग पंख्याला हवा मिळणार कुठून? तो खालच्या खोल्यांतली उबदार, दमट हवा छताच्या फटींतून वर ओढायला लागला. पैसे देऊन आम्ही ओल वाढवून घेतली! पांढऱ्या रंगाखाली बुरशी जिवंतच होती. ओल थांबली नाही तर रंगाने ती मरत नाही.

आता पाइप छपराबाहेर काढला आहे, जाळ्या मोकळ्या केल्या आहेत, छताच्या फटी बुजवल्या आहेत, पंखा काढून टाकला आहे. ढोबळ हिशेब असा: माळ्याच्या १५० चौरस फुटांमागे १ चौरस फूट मोकळी जागा हवेसाठी लागते, वर आणि खाली नीट विभागली असेल तर ३०० मागे १ चालते. खालची वरच्यापेक्षा कमी नको. दोन वासे मात्र बदलावे लागले.

कोणी तुमच्या माळ्यावर मीटर टोचणार असेल तर जागा तुम्ही निवडा, कोरडी दिसणारीही टोचायला लावा. फोटो तुमच्यासमोर काढायला सांगा. ओल पावसाळ्यातली की थंडीतली, हे विचारल्याशिवाय जो थेट थराचा भाव सांगतो, त्याला काम देऊ नका.

त्याने दिलेला गॅरंटीचा कागद मी परवा पुन्हा काढून वाचला. अगदी शेवटी बारीक अक्षरात लिहिलं आहे, 'घरातील बाष्पामुळे येणारी ओल गॅरंटीत समाविष्ट नाही.' म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.