नराराच्या नावाखाली आमचे २१,३०० रुपये गेले

जामनगरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा बेत आखत असाल तर आधी हे वाचा.

आम्ही सहा जण. तिथल्या नरारा किनाऱ्याच्या प्रवाळावर ओहोटीत चालणं, पिरोटन बेटाची बोट, खिजडियाचे पक्षी, मग द्वारका आणि सुदर्शन सेतूवरून बेट द्वारका. सहलवाल्याने माणशी ३,९०० रुपये सांगितले. राहणं आणि गाडी आमची आम्ही बघणार होतो, म्हणून आकडा खटकला नाही.

निम्मे आगाऊ, ११,७००. मग वनखात्याच्या परवान्याचे ५,१००. मग ‘परत मिळणारी’ अनामत, ४,५००. सगळे यूपीआयने, तिन्ही वेळा वेगळ्याच माणसाच्या खात्यात. (खासगी नाव दिसलं की तिथेच थांबा!) शिक्का मारलेला परवाना आला, त्यावर सहाही जणांचे आधार क्रमांक, मीच पाठवलेले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच.

मला जाळतंय ते वेगळंच. नणंदेला रजा मिळेना म्हणून आम्ही तारीख बरोबर एक आठवडा पुढे नेली. सहलवाल्याने दोन मिनिटांत नवं वेळापत्रक पाठवलं. तारखा बदललेल्या, नराराची वेळ मात्र तीच, सकाळी ८. मी रायगडच्या किनाऱ्यावर वाढले. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायला आजोबांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, आठवड्यात ओहोटीच्या जागी भरती येऊन बसते. आणि पाणी उतरल्याशिवाय नरारात चालायला जागाच नसते. म्हणजे ते वेळापत्रक त्याच क्षणी खोटं ठरत होतं. मी ते घरच्या ग्रुपवर टाकलं आणि बॅगा काढल्या. ऑफिसात ऑडिट चालू होतं, सासूबाईंची औषधं, मुलाची परीक्षा, सगळं माझ्याच डोक्यावर. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण माझ्या यायला हवं होतं.

आठ वाजता पोचलो तर समोर काठोकाठ पाणी. चौकीवरच्या वनरक्षकाने परवाना पाहिला आणि हळूच म्हणाला, “बेन, हा कागद आमचा नाही.” सासूबाई गाडीतच बसून राहिल्या.

तिथल्या ठाण्यात म्हणाले, पैसे तुमच्या गावाहून गेले, तिकडे तक्रार करा. आमच्या ठाण्यात म्हणाले, फसवणूक गुजरातेत झाली. गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. ते मोबाइलवर उघडून दाखवलं, तर हवालदार म्हणाले, “मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका.” दोन तास बाकावर बसवून साधा अर्ज घेतला, पोच चौथ्या खेपेला दिली. बँकेचं एकच पालुपद, पिन तुम्हीच टाकलात. हो, मीच टाकला! म्हणून ते तीन खातेदार कोण, हे शोधायचं नाही का?

लाजेपायी तीन दिवस मी कुणाला बोलले नाही, तेवढ्यात खाती रिकामी झाली. तुम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन करा, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. परवान्याची चौकशी थेट जामनगरच्या वनखात्याकडे करा. आधार कुणालाही पाठवू नका.

त्या सहलवाल्याचा नंबर अजून चालू आहे. काल बहिणीच्या फोनवरून विचारलं, नराराला किती वाजता नेता? लगेच उत्तर आलं, “रोज सकाळी ८.”